पाँटून बोटीच्या गाद्या दर दोन मोसमांनी का कुजतात आणि ते कसं थांबवायचं

पाँटून बोट म्हणजे पोकळ नळकांड्यांवर तरंगणारी, सपाट डेकची बोट. आधी तिच्या गाद्यांची लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. पाऊस पडून चार दिवस झालेले असतात, गादी वरून कोरडी ठणठणीत, पण पाच मिनिटं बसलं की चड्डी ओली. शिवणीच्या कडेने काळे ठिपके, मध्येच कुठेतरी गुलाबी डाग, आणि तो कशानेही निघत नाही. सीट उचलायच्या बिजागरीचे स्क्रू नुसतेच गोल फिरतात. खाली वाकून पाहिलं तर कव्हर धरणाऱ्या स्टेपलच्या पिनांच्या रांगेतून गंजाचे ओघळ. आणि हे सगळं गाद्यांना नवीन कव्हर चढवून दोन-तीन मोसमच झालेले असताना.

माझ्या बोटीवर हा प्रकार दोनदा झाला. पहिल्यांदा मी फाटकं व्हिनाइल, म्हणजे कव्हरचं रेक्झिनसारखं कापड, काढलं आणि त्याच प्लायवर, त्याच फोमवर नवीन ताणून बसवलं. दिसायला झकास. तिसऱ्या मोसमात ये रे माझ्या मागल्या. दुसऱ्यांदा तयार शिवलेली कव्हरं मागवली, म्हटलं आपली शिलाई कच्ची असेल. ती शिलाई खरंच पक्की होती, पण गाद्या पुन्हा कुजल्याच. तिसऱ्यांदा एक गादी पूर्ण उघडून बसलो, तेव्हा लक्षात आलं की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा आपला कारभार चालला होता. कव्हर फाटतं म्हणून गादी कुजत नाही. गादी आतून कुजते म्हणून कव्हर फाटतं.

पाणी आत कसं जातं, ते एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. व्हिनाइल स्वतः पाणी आरपार जाऊ देत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की गादीही जलरोधक आहे. पण टाका ४ मिलिमीटरचा धरला तरी मीटरभर शिवणीत २५० भोकं पडतात. वरून शोभेची दुहेरी टीप असेल तर आणखी ५००. तरीही नुसत्या भोकांतून फार पाणी गेलं नसतं. खरी करामत फोमची आहे. आपण बसतो तेव्हा फोम दबतो आणि आतली हवा शिवणीतून फुस्सकन बाहेर जाते. उठलो की फोम फुगतो आणि तेवढीच हवा परत आत ओढतो. शिवणीवर पाणी साचलेलं असेल तर हवेऐवजी पाणी. लोहाराचा भाता जसा हवा ओढतो, तशी ही गादी पाणी ओढते. पोहून आलेली चार मुलं दिवसभर उड्या मारत असतील तर विचारूच नका.

आता ते पाणी बाहेर कुठून जाणार? जुन्या गाद्यांची तळफळी बहुधा सलग प्लायची असते. तिच्यावर चहूबाजूंनी व्हिनाइल दुमडून पिना मारलेल्या, कधी वर आणखी प्लास्टिकचा कागद, आणि ही गादी प्लास्टिकच्या सपाट खोक्यावर घट्ट टेकलेली. म्हणजे आत यायला हजार वाटा, बाहेर जायला एकही नाही. पाणी प्लायच्या कापलेल्या कडांमधून आत मुरतं, थर सुटतात, पिना गंजतात, गंजलेल्या पिना कापडाला कुरतडतात, कव्हर सैल पडतं, सैल कव्हरवर पाण्याचं डबकं होतं, आणि मग चक्र सुरूच.

गुलाबी डागाबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण तो घासण्यात लोकांनी आयुष्य घालवलंय. तो डाग वरून पडलेला नसतो. गादीच्या आत ओलीत वाढणारे काही सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं, त्यात हा रंग विरघळतो आणि खालून वर झिरपत येतो. रंग व्हिनाइलच्या अंगात भिनलेला असतो, त्यामुळे घासून जाणार नाही. ब्लीच टाकलंत तर डाग राहील आणि शिवणीचा दोरा व व्हिनाइलवरचा संरक्षक थर मात्र खराब होईल. तो डाग म्हणजे आतून आलेली पावती समजा.

तुमच्या गाद्या कितपत गेल्यात हे ठरवायला तीन चाचण्या पुरतात. पहिली, वजन. ६० बाय ५० सेंटीमीटरची, १० सेंटीमीटर जाड गादी घ्या. आतला फोम ३० लिटर आकारमानाचा झाला. चांगला फोम घनमीटरला साधारण ३० ते ४० किलो भरतो, म्हणजे कोरडा फोम किलोभर. प्लाय आणि कव्हर धरून सगळं मिळून चार किलोच्या आसपास यायला हवं. माझी तेवढीच गादी काट्यावर ठेवली तर सव्वाअकरा किलो भरली. बाकीचं सात किलो निव्वळ पाणी. दुसरी, गादी तिच्या कडेवर उभी करून रात्रभर ठेवा आणि सकाळी खाली किती ओल आहे ते पाहा. तिसरी, खालून प्लायमध्ये स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. लाकूड टणक लागलं तर ठीक, टोक लोण्यात गेल्यासारखं गेलं तर तळफळी संपली. गादी हलकी, लाकूड टणक आणि फक्त एका ठिकाणी शिवण उसवली असेल, तर हे पुढचं रामायण करू नका. वाकडी सुई घ्या, जुन्याच भोकांतून पॉलिएस्टरचा जाड दोरा घाला आणि मोकळे व्हा.

सीट काढताना

शक्यतो बोट पाण्याबाहेर असताना काढा. डेक आणि कठड्यामधल्या फटीतून स्क्रू हमखास निसटतो, आणि स्टेनलेसचे बहुतेक स्क्रू चुंबकाला दाद देत नाहीत, त्यामुळे पाण्यात पडला तो गेला.

एकही स्क्रू सैल करण्याआधी बॅटरीची तार काढा आणि मागच्या सीटखाली काय आहे ते पाहा. बऱ्याच पाँटून बोटींत पेट्रोलची टाकी आणि बॅटरी तिथेच असते. सगळी झाकणं उघडून हवा खेळू द्या. त्या भागात ग्राइंडर अजिबात नको, आणि खाली टाकी किंवा नळी नाही याची खात्री केल्याशिवाय ड्रिलही नको. हे मी धाक दाखवायला सांगत नाहीये. पहिल्या वेळी माझा ड्रिलचा बिट इंधनाच्या नळीपासून बोटभर अंतरावर बाहेर आला होता.

फोटो भरपूर काढा, वाटतील त्याच्या दुप्पट. प्रत्येक भागावर चिकटपट्टी लावून क्रमांक आणि बाण टाका: डावी पुढची बैठक, तिची पाठ, कोपऱ्यातली गादी. कोपऱ्यातल्या डाव्या-उजव्या गाद्या सारख्या दिसतात, पण एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. एकदा त्यांची अदलाबदल झाली की अख्खा दिवस वाया.

बैठकीची गादी साधारणपणे बिजागरीवर असते किंवा खालून स्क्रूने धरलेली असते. पाठीचे स्क्रू बहुधा खोक्याच्या आत हात घालून मागच्या बाजूने सापडतात. प्लास्टिकची खोकी धडधाकट असतील तर ती डेकवरून काढायची गरज नाही. ती काढायची म्हणजे खालून नट धरायला आणखी एक माणूस हवा. फक्त बोल्टच्या आसपासचा डेक पायाने दाबून पाहा. तो मऊ लागला तर गाद्यांचं काम तिथेच थांबवा, आधी डेक.

अडलेल्या स्क्रूंसाठी घाई नको. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेसचा स्क्रू वर्षानुवर्षं ओला राहिला की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते आणि स्क्रू तिथेच जाम होतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा. सकाळी पेचकस नीट बसवून वरून हातोडीचा एक ठोका द्या, मग आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला फिरवा आणि नंतर उलट. डोकं गुळगुळीत झालं तर ते ड्रिलने उडवायचं, सीट निघाल्यावर उरलेला दांडा पकडीत धरून फिरवायचा.

उघडताना

बुरशीची धूळ उडते, तेव्हा नाकातोंडाला धुळीचा मास्क लावा आणि काम उघड्यावर करा. पिना उपसायचं हत्यार आणि चांगली पक्कड एवढं पुरतं. पिना शंभरावर असतात, काही पायात जाणार, बूट घाला. जुनं कव्हर ओढून फाडू नका. त्याच्यासारखा नमुना दुसरा नाही.

सगळ्या गाद्या एकदम उघडण्याचा मोह होतो, तो आवरा. एक साधी चौकोनी गादी घ्या आणि उघडण्यापासून परत बसवण्यापर्यंत पूर्ण करा. चुका तिच्यावर करा. जोडीच्या गाद्या असतील तर एक उसवा, दुसरी समोर ठेवा, घडी कोणत्या बाजूला होती ते पाहायला.

तळफळी

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवावा. जुनी फळी कितीही कुजली असली तरी तिची रूपरेषा पेन्सिलीने काढता येते, तेव्हा ती फेकण्याआधी नवीन प्लायवर ठेवून आखून घ्या. १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय उत्तम. तो नसेल तर बाहेरच्या वापरासाठी बनलेला, पाण्याला टिकणारा डिंक वापरलेला प्लाय चालतो. कुजू नये म्हणून तांब्याच्या क्षारांत मुरवलेलं लाकूड मात्र घेऊ नका. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण ओल्या लाकडातलं तांबं ॲल्युमिनियमच्या चौकटीला खातं आणि साध्या पिनांनाही.

सगळी भोकं आधी पाडा, लेप नंतर लावा. उलट क्रमाने केलंत तर प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला नवीन दार. बैठकीच्या फळीला दर १५ सेंटीमीटरवर १२ मिलिमीटरचं भोक, आणि बोटीवर गादी ज्या बाजूला कलते तिथे दोन-तीन जास्त. पाठीच्या गादीचं पाणी तळाशी जमतं, म्हणून तिच्या अगदी खालच्या कडेला भोकं हवीत. हे बहुतेक जण विसरतात, मीही विसरलो होतो. मग इपॉक्सीचे, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या रेझिनचे, दोन हात. फळीच्या सपाट बाजूंपेक्षा कापलेल्या कडा आणि भोकांच्या आतल्या भिंती जास्त पाणी पितात, तिथे लहान ब्रशने तीनदा लावा. बिजागरीच्या स्क्रूंसाठी मी आणखी एक कुटाणा केला: भोक मोठं पाडलं, इपॉक्सीने बुजवलं आणि सुकल्यावर त्यात नेमकं लहान भोक पाडलं. स्क्रू लाकडाला शिवतच नाही. तेव्हापासून एकही बिजागरी हललेली नाही.

लाकूड टाळून प्लास्टिकची फळी वापरता येते, पण पॉलिथिलीनला डिंक धरत नाही आणि पिना किती घट्ट बसतात ते तुकड्यावर मारून पाहिल्याशिवाय ठरवू नका.

फोम

जुना फोम वापरू का, असं सगळे विचारतात. चिमटीत धरून चुरा. भुगा पडला किंवा कुबट वास आला तर टाकून द्या. वास नसेल आणि दाबल्यावर तो लगेच वर येत असेल तर सावलीत उभा ठेवून पूर्ण वाळवा. वाळला की नाही ते हाताला कळत नाही, वजनावरून कळतं.

नवीन घ्यायचा तर जाळीदार फोम मिळतो, ज्याच्या पेशींच्या भिंती काढून टाकलेल्या असतात. त्यावर वरून पाणी ओतलं की खालून धार लागते. ज्या गाद्या उघड्यावर राहतात त्यांच्यासाठी माझं मत त्यालाच, पण फळीला भोकं असतील तरच. भोकांशिवाय जाळीदार फोम म्हणजे पाणी तळाशी लवकर पोहोचवायची सोय, बाकी काही नाही. झाकलेल्या जागेतल्या गाद्यांना साधा, जरा घट्ट विणीचा फोम पुरतो. कापायला विजेवर चालणारी स्वयंपाकघरातली सुरी झकास चालते. फोम फळीपेक्षा चहूबाजूंनी सेंटीमीटरभर मोठा कापा, म्हणजे कव्हर भरलेलं दिसतं.

फोमवर प्लास्टिकचा पातळ कागद घालावा का, यावर दोन तट आहेत. त्याने कव्हर सहज सरकतं हे खरं. घालायचा तर वर आणि बाजूंना घाला, तळाखाली गुंडाळू नका. माझ्या जुन्या गाद्या तशाच गुंडाळलेल्या होत्या, आणि त्यातून मी अक्षरशः पाणी ओतून काढलं.

व्हिनाइल आणि शिलाई

सोफ्याचं रेक्झिन आणि बोटीचं व्हिनाइल दिसायला सारखंच. तुकडा उलटा करा. मागचं कापड सुती असेल तर ते कुजणार. विणलेलं पॉलिएस्टर हवं, आणि वरच्या थरात ऊन व बुरशी यांना टक्कर देणारी द्रव्यं आहेत असं विक्रेत्याने स्पष्ट सांगितलेलं हवं. विणलेल्या पाठीचं व्हिनाइल एका दिशेला जास्त ताणतं. सगळे तुकडे एकाच दिशेने कापा, नाहीतर दोन शेजारच्या गाद्यांवर सुरकुत्या वेगवेगळ्या पडतील.

आता एक फसवी गोष्ट. जुनं कव्हर उसवून त्यावरून नमुना काढणं बरोबरच आहे, पण जुन्या व्हिनाइलमधलं मऊपणा देणारं द्रव्य उन्हाने उडून गेलेलं असतं आणि ते आक्रसलेलं असतं. मी पहिली गादी जशीच्या तशी कापली आणि ती चढेचना. म्हणून जुन्या तुकड्यावरून आकार घ्या, मापं मात्र नव्या फोमवर टेप धरून घ्या. माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, १२ मिलिमीटर ठेवा, आणि तुकडे वेगळे करण्याआधी दर १५ सेंटीमीटरवर दोन्ही तुकड्यांना आरपार खूण करा. या खुणा जुळल्या की वळणावरची शिवण आपोआप जुळते. टाचण्या वापरू नका, व्हिनाइलला पडलेलं भोक बुजत नाही. चिमटे लावा.

दोरा बाँडेड पॉलिएस्टरचा, ९२ क्रमांकाचा, सुई २० नंबरची. सुती दोरा कुजतो, नायलॉन उन्हात पिचतो. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) दोरा सूर्याला बधत नाही, पण तो निसरडा असतो, मशीनचा ताण बराच वेळ जुळवावा लागतो. टाका ४ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. बारीक टाका मजबूत असेल असं वाटतं, पण व्हिनाइलवर तो टपालाच्या तिकिटांच्या कडेसारखी भोकांची रांग पाडतो आणि तिथूनच फाटतं. घरगुती मशीन दोन थर कसेबसे ओढेल, पायपिंगच्या, म्हणजे शिवणीतल्या गोल किनारीच्या, जागी चार थर आले की रडेल. वरूनही कापड ओढणारा पाय असलेलं मशीन मिळालं तर निम्मा त्रास वाचतो.

मूळ कव्हरची नक्कल करताना एक बदल जरूर करा: वरची आडवी शिवण खाली, बाजूच्या उभ्या भागावर आणा. बसायच्या जागेवरची शोभेची टीप मी सरळ काढून टाकली. थोडं साधं दिसतं, पण भात्याचं तोंडच बंद झालं. शिवणीला लावायचं द्रव सीलंट मिळतं, पण रोज दबणाऱ्या शिवणीवर मी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

कव्हर चढवण्याआधी अर्धा तास उन्हात ठेवा, मऊ पडतं. गादी पालथी घालून चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पीन मारा, सुलटी करून पाहा, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे जा. कोपरे सगळ्यात शेवटी, लहान लहान चुण्या घालून. पिना स्टेनलेसच्याच, १२ मिलिमीटरच्या प्लायला १० मिलिमीटर लांबीच्या. साध्या पिनांनी केलं तर वरची सगळी मेहनत गंजाच्या स्वाधीन. खालून तळ झाकायचा असेल तर हवा जाणारी जाळी लावा.

परत बसवताना स्टेनलेस स्क्रूला ॲल्युमिनियमशी भेटण्याआधी जाम न होऊ देणारं वंगण चोपडा. गादी आणि खोकं यांच्यामध्ये प्रत्येक स्क्रूजवळ ६ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा वॉशर घाला. एवढी फट पाणी निथळायला आणि हवा खेळायला बस होते. मग शिवणीवर तांब्याभर पाणी ओता, दहा वेळा उठाबशा काढा आणि खाली वाकून पाहा. भोकांतून थेंब पडताना दिसले पाहिजेत. कोरडं राहिलं तर खूश होऊ नका, पाणी आत अडकलंय.

नंतर धुवायला सौम्य साबण आणि मऊ फडकं. जादूचा म्हणून विकला जाणारा पांढरा स्पंज प्रत्यक्षात बारीक सॅंडपेपर आहे, तो वरचा थर खरवडतो. बोट झाकायला घट्ट प्लास्टिकची ताडपत्री नको. खाली वाफ कोंडते. हवा जाऊ देणारं कापड, मध्ये टेकू देऊन उंच केलेलं, म्हणजे पाणीही साचत नाही.

मोसम संपला की मी प्रत्येक गादी काट्यावर ठेवतो आणि आकडा तिच्या पोटावर मार्करने लिहितो. तिसरा मोसम झाला, बैठकींच्या आकड्यांत पावशेराचाही फरक नाही. एकच खुर्ची ऐकत नाही, चालकाची. तिच्या खाली फिरता लोखंडी पाट आहे आणि तो मी पाडलेल्या भोकांपैकी निम्मी भोकं झाकून बसतो. यंदा पाटालाच भोकं पाडून पाहणार आहे.